पदोन्नतीचा कागद

जून महिन्यातला सोमवार होता. दुपारी आस्थापना शाखेतला शिपाई एक कागद घेऊन आला, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "साहेब, पेढे काढा." पदोन्नतीचा आदेश होता. सतराव्या ओळीत माझे नाव. वरिष्ठ लिपिकाचा मुख्य लिपिक झालो होतो. नावापुढच्या रकान्यात नवे ठिकाण लिहिले होते: गडचिरोली.

शाखेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढे आणले, वाटले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. दोन दिवस तो खिशातच राहिला. घरी सांगितले नाही आणि अभ्यासिकेतही सांगितले नाही. पदोन्नती नको असेल तर तसे लेखी द्यावे लागते. माझ्या डोक्यात त्या दोन ओळींचा मसुदा तयारही झाला होता. आयुष्यभर इतरांचे मसुदे लिहिले, तेव्हा स्वतःचा लिहायला कितीसा वेळ लागणार?

हा कागद मिळायला मला एकोणीस वर्षे लागली, म्हणून थोडे मागचे सांगतो.

माझे वडील नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ही गिरणी. उत्तर नागपुरातल्या आपल्या किती घरांच्या चुली तिच्या भोंग्यावर पेटल्या, हे जुन्या माणसांना वेगळे सांगायला नको. मी पहिली-दुसरीत असताना गिरणीला उतरती कळा लागली. बाबांचा पगार आधी अडला, मग थांबला. त्यांनी सायकलरिक्षा घेतली. आज त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे. माझी मुलगी मैत्रिणींबरोबर तिथे जाते. मी एकदाच गेलो, सरकत्या जिन्यापाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

बाबांची एकच इच्छा होती. पोरगा डेप्युटी कलेक्टर व्हावा. हे ते चौकातल्या पानठेल्यावर सर्वांना सांगत, मी बारावीला असल्यापासून. दीक्षाभूमीच्या आवारातल्या कॉलेजातून मी बी.कॉम. झालो आणि राज्यसेवेच्या अभ्यासाला बसलो. पहिल्या खेपेला पूर्वपरीक्षेतच गेलो. नंतर दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचलो. एकदा मुलाखतीचे पत्र आले. त्या दिवशी बाबांनी रिक्षा धुतली, तिला फुलांचा हार घातला आणि वस्तीभर फिरवली. अंतिम यादीत माझे नाव नव्हते. बाबा काही बोलले नाहीत. मात्र पानठेल्याकडे जायचा त्यांचा रस्ता बदलला.

मग लिपिकाची जाहिरात आली आणि मी लागलो. ते २००६ साल. १ नोव्हेंबर २००५ नंतरचा असल्यामुळे जुनी निवृत्तिवेतन योजना मला लागू झाली नाही. थोडक्यात, घरात सर्वात जास्त शिकलेला मी, पण म्हातारपणाची खात्री मात्र माझ्या शिपाई मामाला आणि मला नाही! असो. नोकरीने चूल पेटली, बाबांनी रिक्षा विकली, बहिणीचे लग्न झाले. नोकरीला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

पण आतली आग विझत नव्हती. दरवर्षी निकाल लागला की वर्तमानपत्रातले फोटो बघायचे आणि वय मोजायचे. २०१६ साली मागासवर्गीयांसाठी वयाची मर्यादा अडतीसवरून त्रेचाळीस झाली, तेव्हा माझी मेलेली इच्छा पुन्हा उठून बसली. रजा टाकली, पुस्तके आणली. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती पुस्तकावर येऊन बसायची आणि मी तिला उचलून बाहेर नेऊन ठेवायचो. पूर्वपरीक्षेत पुन्हा नापास झालो. तिला मात्र ते उचलून ठेवणे अजून आठवते. मध्ये एकदा तिने सहज बोलून दाखवले.

अभ्यासिका याच्या आधीची, २०११ सालची. वस्तीतल्या विहाराच्या मागे एक खोली होती. तिच्यात जयंतीच्या कमानीचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत. ती आम्ही चार जणांनी साफ केली. सुरुवातीला दोन ट्यूबलाइट, सहा बाके आणि एक घड्याळ. घड्याळ अजून तेच आहे, पाच मिनिटे पुढे चालते. मुले म्हणतात, भाऊ, असू द्या, उशीर होत नाही. हळूहळू पंखे आले, कुणी इन्व्हर्टर दिला, कुणी जुन्या मासिकांचे गठ्ठे. एका खोलीच्या घरातली मुले, जिथे रात्री बापाच्या दारूमुळे दिवा लावता येत नाही अशा घरातली मुले, पहाटे पाचला येऊन दारात बसू लागली. मी पाचला किल्ली घेऊन जायचो, साडेनऊला ऑफिस, संध्याकाळी सातपासून पुन्हा तिथेच. अंकगणित आणि पुस्तपालन मी शिकवतो. बी.कॉम.चा तेवढा तरी उपयोग.

चौदा वर्षांत तिथून पोलीस झाले, ग्रामसेवक झाले, दोन मुली बँकेत लागल्या, एक मुलगा पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. संख्या सांगत नाही, कारण अशा संख्या व्यासपीठावर वाढत जातात. माझे सत्कार झाले. घरात शाली इतक्या झाल्या की सौ. त्यांच्या गोधड्या करते. (शालीऐवजी एक पंखा द्या, असे मी तीन वेळा सांगून पाहिले. लोक ऐकतात, हसतात आणि शाल घालतात.) पण खोटे कशाला बोलू? पहिली शाल खांद्यावर पडली तेव्हा मला बरे वाटले होते. निवेदकाने नावामागे "समाजभूषण" लावले तेव्हाही. डेप्युटी कलेक्टरच्या गाडीतून उतरताना जे वाटले असते, त्याचा एक तुकडा मला त्या मांडवात मिळत होता.

इकडे ऑफिसात माझी पदोन्नती अडकली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये पदोन्नतीतील आरक्षणाबाबतचा २५ मे २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मग ७ मे २०२१ ला राज्य सरकारने २५ मे २००४ च्या सेवाज्येष्ठतेचा आधार घेऊन पदे भरायचे ठरवले. आपले कर्मचारी रस्त्यावर आले, निवेदने दिली. मीही मोर्चात होतो. माझ्यानंतर लागलेले काही जण माझ्यापुढे जाऊन बसले. एकाच्या टेबलावर तर मी स्वतः शिकवलेली टिपणी लिहायची पद्धत बघितली आणि तीच टिपणी त्याची सही होऊन माझ्याकडे खाली आली. हा अन्याय होता, आणि तो मी विसरलेलो नाही.

पण त्या वर्षांत मी एक सवय लावून घेतली. कुणी विचारले की म्हणायचो, "मी पदाच्या मागे नाही. माझे पद अभ्यासिकेत आहे." ऐकणाऱ्याला ते मोठेपणाचे वाटे. पद मिळतच नव्हते तेव्हा ते सोडायला माझे काय जात होते? आता पद खरोखर दारात आले, आणि ते वाक्य मला म्हणता येईना.

आपल्या कार्यक्रमांत दर वर्षी कुणी ना कुणी बाबासाहेबांच्या १८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणाची आठवण काढतो. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली, नोकरी मिळाली की पोट भरत बसले, कारकुनांची नुसती गर्दी झाली, अशी त्यांची खंत. वक्ता जोरात बोलतो आणि मांडवातले आम्ही सगळे कारकून मान खाली घालून टाळ्या वाजवतो. त्या खंतीला उत्तर म्हणून मी अभ्यासिका धरून ठेवली, असे मी स्वतःला सांगत आलो. ते बरेचसे खरे आहे. पूर्ण खरे नाही, हे मला बुधवारी रात्री कळले.

पँट धुवायला टाकताना सौ.ला खिशात कागद सापडला. तिने तो वाचला, घडी पुन्हा तशीच केली आणि माझ्या ताटाजवळ ठेवला.

"केव्हा जायचं?"

मी म्हणालो, "नाही म्हणून कळवतो आहे. अभ्यासिकेचं कोण बघेल?"

ती भाकरी थापत होती. थापतच म्हणाली, "बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा समाजाला द्यायला सांगितला, हे तुम्हीच सांगत फिरता ना? मग तुम्ही एकोणीस काहून देऊन राहिले? अन् विसावा घरी आणता, तोही थकलेला."

मला राग आला. मी म्हणालो, हा हिशेब पैशाचा आहे, वेळेचा नाही.

"वेळेचा करा मग. बी.कॉम. तुम्ही आहात."

केला. चोवीस तासांचा विसावा हिस्सा एक तास बारा मिनिटे होतो. मी रोज सहा तास देत होतो, सुट्टीच्या दिवशी दहा. बाबासाहेबांचे ते आवाहन १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्याच भाषणातले आणि ते मिळकतीविषयी होते, हे मला चांगले माहीत आहे. तरीही त्या रात्री तो एक तास बारा मिनिटांचा आकडा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. कारण उरलेला वेळ माझा एकट्याचा नव्हता. सौ.ने यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए.ची दोन वर्षे पूर्ण केली होती. तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायच्या आठवड्यात अभ्यासिकेतल्या मुलांच्या भरतीचे फॉर्म होते. मी चाळीस मुलांचे फॉर्म तपासले. तिच्या फॉर्मची तारीख निघून गेली. ती म्हणाली, पुढच्या वर्षी भरू. त्याला नऊ वर्षे झाली. दुसऱ्यांच्या मुलींना शिका म्हणणाऱ्या माणसाच्या घरात हे घडले, आणि त्यावर कुणी शाल परत मागितली नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. महत्त्वाकांक्षा वाईट आणि समाजकार्य चांगले, अशी सोपी वाटणी आपण करतो. बाबासाहेबांच्या आयुष्यावर ती लावून पाहा, लागत नाही. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. बडोद्याच्या नोकरीत झालेला अपमान सर्वांना ठाऊक आहे. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली. स्थिर व्हायला तेवढे पुष्कळ होते. पण त्यांनी पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये डी.एस्सी. घेऊनच थांबले. रुपयाच्या प्रश्नावरचा तो प्रबंध मी मराठीतून दोनदा वाचला. अर्धा समजला असेल. एवढी शिकण्याची आस ही महत्त्वाकांक्षा नाही तर दुसरे काय? आणि त्याच काळात परळच्या चाळीत माता रमाई एकेक पैसा मोजत होत्या. त्यांच्या कष्टांची आपण गाणी गातो. पण आपल्या घरातली रमाई कोण आणि ती कशासाठी झिजते आहे, हा प्रश्न सहसा विचारत नाही. बाबासाहेबांनी जे मिळवले त्याने कोट्यवधींचे आयुष्य बदलले. माझ्या सौ.चे बी.ए. कशासाठी थांबले? मी फॉर्म तपासत होतो म्हणून. ते काम अभ्यासिकेतला कोणताही मोठा मुलगा करू शकला असता. पण मला ते माझ्याच हातून व्हायला हवे होते.

हे मी उगाच म्हणत नाही. मागच्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. तीन आठवडे अंथरुणावर होतो. पहिले चार दिवस तापातही मी विचारत होतो, किल्ली कुणाकडे आहे? कुणी नीट उत्तर देईना. बरा होऊन गेलो तर अभ्यासिका नेहमीपेक्षा नीट दिसली. बारावीनंतर आमच्याकडे येणारी एक मुलगी आहे. आई धुणीभांडी करते, वडील नाहीत. तिने किल्लीची नक्कल करून घेतली होती. रोज पावणेपाचला उघडत होती. हजेरीचे रजिस्टर आखले होते. मुलींसाठी खिडकीकडची रांग वेगळी केली होती, कारण मधल्या बाकांवर मुलांची ये-जा त्यांना नको वाटायची. चौदा वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते. फोन बाहेर ठेवायला खोक्याची कप्पेवाली पेटी केली होती. मी शाबासकी दिली. घरी येताना मात्र वाईट वाटले. काय म्हणून वाटले ते तेव्हा स्वतःशी कबूल केले नाही. माझ्यावाचून अडले नव्हते, याचे वाटले होते.

गुरुवारी सकाळी नकाराचे पत्र लिहिले. लिहिलेच. ते घेऊन पाचला अभ्यासिकेत गेलो, ऑफिसात जाऊन देणार होतो. तेवढ्यात फोन वाजला. आमचाच एक विद्यार्थी, २०१९ साली लिपिक म्हणून लागलेला. त्याची पहिली नेमणूक अहेरीला झाली होती. तेव्हा त्याची आई रडत आली होती, इतक्या लांब जंगलात नको म्हणून. मी दोघांना समोर बसवून चांगले झापले होते. "तिथं माणसं राहत नाहीत काय? मिळालेली पोस्ट सोडायची नाही. आपल्या माणसाला खुर्चीपर्यंत पोचायला किती पिढ्या लागल्या ते माहीत आहे काय?" मुलगा गेला. सहा वर्षे झाली, आता तो गडचिरोली शहरात आहे. आदेशाची प्रत त्याच्याही व्हॉट्सअॅपवर पोचली होती.

"भाऊ, जयभीम! यादीत नाव पाहिलं. येऊन राहिले ना? मी खोली बघून ठेवतो. चार हजारांत मिळते. आमच्या ऑफिसमागे वाचनालय आहे, बंदच असते जवळपास. तुम्ही आले तर…"

मी "बघू" म्हणालो. तो म्हणाला, "बघू काय, भाऊ? तुम्हीच तर सांगितलं होतं."

फोन ठेवल्यावर रजिस्टरवाली मुलगी समोर उभी होती. घसाऱ्याचे एक उदाहरण तिला सुटत नव्हते. घटत्या शिल्लक पद्धतीने काढायचे होते, ती सरळ रेषा पद्धत लावत होती. मी समजावून सांगितले. तिने ते सोडवले, वही मिटली आणि विचारले, "भाऊ, तुम्ही चालले काय गडचिरोलीला?" वस्तीत बातमी पोचली होतीच. मी विचारले, "जाऊ का?" ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "वीज बिलाची पावती कुठे असते तेवढं सांगून जा."

पत्र खिशातच राहिले. त्याच पँटच्या, आणि पुढच्या धुण्यात भिजले.

जुलैत मी रुजू झालो. नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी असा एसटीचा रस्ता आहे, चार-साडेचार तास लागतात. शनिवारी घरी येतो, रविवारी संध्याकाळी परत निघतो. वाढलेल्या पगारातला मोठा भाग खोलीभाड्यात आणि तिकिटात जातो, हे आधीच माहीत होते. मुलीची यंदा दहावी आहे. ती म्हणते, "बाबा, आता तुम्ही घरी असता तेव्हा घरीच असता." हे कौतुक की तक्रार, विचारायची हिंमत झाली नाही. नव्या ऑफिसात चार लिपिक माझ्या हाताखाली आहेत. त्यांतला एक माझ्याच वयाचा. त्याची पदोन्नती कुठे अडकली आहे ते मी पहिल्याच आठवड्यात विचारले आणि त्याची फाइल शोधून काढली. मुख्य लिपिकाच्या हाती फार काही नसते. पण कोणती फाइल किती दिवस दाबून ठेवायची आणि कोणती वर काढायची, एवढे असते. एवढे पुरेसे आहे की नाही, अजून ठरवलेले नाही. वाचनालय एकदा बाहेरून पाहून आलो. कुलूप गंजलेले आहे. किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी केलेली नाही. या वेळी जरा थांबावे म्हणतो.

सौ.ने मुक्त विद्यापीठात पुन्हा चौकशी केली. जुनी नोंदणी चालत नाही म्हणाले, नवीन प्रवेश घ्यावा लागेल. तिने घेतला. मराठी आणि इतिहास. संध्याकाळी ती अभ्यासिकेत जाऊन बसते, खिडकीकडच्या रांगेत.

काल रात्री तिचा फोन आला. मला वाटले, घरचे काही असेल. म्हणाली, "इन्व्हर्टरचं वॉरंटी कार्ड कुठे ठेवलं आहे? ते पोट्टे विचारून राहिले." मी म्हणालो, कपाटातल्या दुसऱ्या कप्प्यात, पावत्यांच्या फाइलमध्ये. ती म्हणाली, थांबा, बघते. मी थांबलो. फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता, आणि कुणीतरी हळू आवाजात पाढे म्हणत होते.